कूलचं पाणी, बॅलीलीचा बुरूज

आम्हां अमरावतीकरांसाठी बडनेरा म्हणजे मुंबईची गाडी पकडायचं जंक्शन. याच बडनेऱ्यात १८८२ साली शंकर गजानन पुरोहित जन्मले. पुढे ते पुरोहित स्वामी झाले, इंग्लंडला गेले, आणि १९३१ मध्ये त्यांची विल्यम बटलर येट्सशी गाठ पडली. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी कैलास-मानसरोवराच्या यात्रेचं वर्णन मराठीत लिहिलं होतं. स्वामींनी ते इंग्रजीत नेलं, १९३४ साली ते लंडनला छापलं गेलं आणि प्रस्तावना येट्सने लिहिली. नोबेल मिळालेला आयरिश कवी एका मराठी प्रवासवर्णनाला प्रस्तावना लिहितो, ही गोष्ट मला कॉलेजात असताना कळली आणि तेव्हापासून मनात घर करून राहिली. पुढे त्या दोघांनी मिळून दहा उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९३७ मध्ये निघाला.

भाची आयर्लंडमध्ये गॉलवेला नोकरीला लागली आणि "मावशी, ये गं एकदा" म्हणून मागे लागली, तेव्हा मी एकच अट घातली. चार दिवस गॉर्टला, कारण येट्सचा बॅलीलीचा बुरूज आणि त्याचं लाडकं कूल तिथून जवळ.

पहिला दिवस, गुरुवार

गॉलवेहून छोटी गाडी अ‍ॅथेनरायला वळण घेऊन तासाभरात गॉर्टला पोचवते. या मार्गावरची प्रवासी वाहतूक कित्येक वर्षं बंद होती, २०१० साली ती पुन्हा सुरू झाली. स्टेशनावर माझ्याबरोबर चारच माणसं उतरली. झिमझिम पाऊस होता, अंगावर पडतोय हे कळूही नये इतका बारीक. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी दार उघडलं आणि आकाशाकडे बघत म्हणाल्या, "आज मऊ दिवस आहे." अशा पावसाला इकडे हाच शब्द आहे. मला तो इतका आवडला की पुढचे चार दिवस मी तोच वापरला.

गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. मधोमध बाजाराचा ऐसपैस चौक आणि त्याच्या कडेने दोन-तीन मजली, रंगवलेल्या दर्शनी भिंतींची दुकानं. गावाचं मूळ आयरिश नाव 'गॉर्ट इन्शे ग्वारे', म्हणजे ग्वारेच्या बेटाचं वावर. ग्वारे हा सातव्या शतकातला, पश्चिम आयर्लंडमधल्या कोनाख्टचा राजा, दानशूरपणासाठी प्रसिद्ध. देऊन देऊन त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला होता, अशी दंतकथा आहे.

येट्सने याच ग्वारेच्या दारातलं एक नाटक १९०३ साली लिहिलं. राजाने कवीचं दरबारातलं स्थान काढून घेतलेलं असतं, आणि शानखन नावाचा तो कवी राजवाड्याच्या पायरीवर अन्नपाणी सोडून बसतो. अन्याय करणाऱ्याच्या दाराशी उपाशी बसायचं आणि त्याला लाज आणायची, अशी रीत जुन्या आयरिश कायद्यात होती. आपल्याकडे सावकाराने ऋणकोच्या दारात धरणं धरून बसायचं, तीच ही रीत. दोन्हींतलं साम्य अभ्यासकांनी कधीच टिपून ठेवलंय, पण चौकात छत्री घेऊन उभी असताना ते मला एकदम जवळचं वाटलं. पहिल्या रूपात राजा नमतो. १९२० मध्ये कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी ब्रिटिश तुरुंगात उपोषण करून गेले, त्यानंतर येट्सने शेवट बदलला. नव्या रूपात कवी मरतो.

चौकातल्या एका दुकानावर पोर्तुगीज पाटी होती. आत काळ्या घेवड्याची पाकिटं आणि चीज घातलेले गोल पाव. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या मांस कारखान्यांत कामाला ब्राझीलच्या गोयास प्रांतातली माणसं आली आणि इथलीच झाली. गल्ल्यावरच्या मुलीने मला आधी पोर्तुगीजमध्ये विचारलं, मग आयरिश हेल काढून इंग्रजीत. गरम पाव खात मी चौकाला एक फेरी मारली. गॉर्टच्या बेकऱ्यांचा पूर्वी मनुके घातलेला भलाथोरला गोड पाव असे. कूलच्या मालकीणबाई आणि येट्सच्या मैत्रीण लेडी ग्रेगरीबाई तो इथून डब्लिनला अ‍ॅबी थिएटरच्या नटांसाठी घेऊन जात. त्याला 'गॉर्ट केक' म्हणत. तो काही मला मिळाला नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार

ग्रेगरीबाईंचं कूल पार्क गॉर्टच्या उत्तरेला, दोन-तीन किलोमीटरवर. मी चालतच गेले.

आधी या वास्तूचा हिशोब सांगायला हवा, कारण त्यात आपलाही पैसा आहे. ही इस्टेट १७६८ साली रॉबर्ट ग्रेगरीने विकत घेतली. तो ईस्ट इंडिया कंपनीतून भरपूर कमावून परतलेला गडी, पुढे त्याच कंपनीचा अध्यक्षही झाला. त्याच्या वंशातला सर विल्यम ग्रेगरी आधी पार्लमेंटात होता, नंतर सिलोनचा गव्हर्नर. १८४७ साली, दुष्काळाने माणसं मरत असताना, त्याने गरीब-मदतीच्या कायद्यात एक कलम घालून घेतलं. पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही, मदत हवी तर जमीन सोडा. उपाशी कुळांनी जमिनी सोडल्या, घरं मोडली, हजारो देशोधडीला लागले. आयर्लंडमध्ये ते कलम आजही 'ग्रेगरी कलम' या नावाने ओळखलं जातं.

ऑगस्टा पर्सशी, म्हणजे पुढच्या ग्रेगरीबाईंशी, त्याने १८८० मध्ये लग्न केलं, तेव्हा तो साठीचा होता आणि त्या सत्तावीस वर्षांच्या. बारा वर्षांत त्या विधवा झाल्या. मग आयरिश शिकल्या, शेजारच्या किलटार्टनच्या झोपड्यांत आणि गरिबांच्या वसतिगृहात जाऊन म्हाताऱ्यांकडून गोष्टी, गाणी, समजुती ऐकून लिहून घेऊ लागल्या. कुहूलिनची वीरकथा त्यांनी १९०२ साली सांगितली ती या शेतकऱ्यांच्या बोलीत. ज्या घराच्या नावाने माणसं देशोधडीला लागली, त्याच घरातली बाई त्याच माणसांच्या तोंडचे शब्द वेचत हिंडली. या गोष्टीसाठीच मला कूलला यायचं होतं.

फाटकापासून लांब रस्ता झाडांच्या बोगद्यातून जातो. पुढे मोकळं गवत लागतं आणि त्यात दगडी जोतं. घर नाही. १९२७ मध्ये बाईंनी इस्टेट सरकारला विकली आणि त्याच घरात भाड्याने राहिल्या. १९३२ साली तिथेच गेल्या. १९४१ मध्ये घर पाडलं. ज्या घरात येट्सने वीसेक उन्हाळे काढले, नाटककार सिंज आणि शॉ येऊन राहिले, त्या घराच्या जोत्यावर आता पोरं उड्या मारतात. मी त्यावर चढून कडेकडेने चालले. दिवाणखाना कुठे असेल, तळ्याकडची खिडकी कुठली, याचा अंदाज बांधत होते. जोतं उरलेलं घर विदर्भात मी पुष्कळदा पाहिलंय. तिथे मनात वाड्यातली माणसं येतात. इथे शब्द येत होते.

तबेल्याच्या जागी आता माहिती केंद्र आहे. भिंतीआडच्या बागेत मात्र तांबड्या पानांचा बीच उभा आहे. येणाऱ्या लेखकाला बाई त्याच्या खोडावर नावाची आद्याक्षरं कोरायला सांगत. भोवती लोखंडी कठडा आहे, त्यामुळे हात लावता येत नाही, नुसतं बघायचं. झाड शंभर वर्षांत फुगलं, तशी अक्षरंही आडवी पसरली. शॉची तीन अक्षरं सगळ्यांत मोठी आणि ठसठशीत. येट्सची त्याहून बारीक, कडेने सुजल्यासारखी. सिंज, शॉन ओकेसी, पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले डग्लस हाइड, चित्रकार जॅक येट्स. काही खुणा आता अक्षरं राहिलेल्याच नाहीत, नुसत्या साली दुभंगून भरून आलेल्या रेघा. शेजारच्या फलकावर कोणाची खूण कुठे ते दिलंय, तरी मी बराच वेळ स्वतः शोधत बसले. बाईंची स्वतःची अक्षरं सापडली तेव्हा मनापासून आनंद झाला.

त्या खोडापाशी एक नाव सारखं आठवत होतं. रॉबर्ट, त्यांचा एकुलता एक मुलगा, १९१८ च्या जानेवारीत इटलीत विमान कोसळून गेला. येट्सने त्याच्या तोंडी घातलंय की माझा देश म्हणजे किलटार्टनची चौफुली आणि माझी माणसं म्हणजे किलटार्टनची गरीब जनता. त्या ओळी मी वर्गात शिकवल्या आहेत. बागेतल्या बाकावर बसून त्या पुन्हा म्हणताना आवाज फुटेना.

दुपारी रानातून तळ्याकडे गेले. येट्सने इथे एकोणसाठ हंस मोजले होते. मला सात दिसले, पलीकडच्या काठाला, आणि ते अजिबात हलत नव्हते. ऑगस्ट संपत आला होता, पाणी उतरलेलं. काठावरच्या दगडांवर काळं, राठ शेवाळ होतं, वाळलेल्या जटांसारखं. आधी मला ते जळल्याची खूण वाटली. तिथल्या वनरक्षकाने समजावलं. हे शेवाळ पाण्याखाली जाणाऱ्या दगडावरच वाढतं, म्हणजे ते जिथवर दिसतं तिथवर पूर येतो. मग त्याने बोट वर केलं. माझ्या डोक्याच्याही वर, एका खडकावर तीच काळी रेघ होती.

हा सगळा मुलूख चुनखडीचा. पाणी दगड विरघळवत आत शिरतं, जमिनीखालून वाहतं, कुठेतरी वर येतं, पुन्हा गडप होतं. हिवाळ्यातल्या पावसाने खालचं पाणी वर चढतं आणि कुरणांची तळी होतात, उन्हाळ्यात ती तळाच्या भोकांतून निघून जातात. या येणाऱ्या-जाणाऱ्या तळ्याला आयरिशमध्ये टर्लॉ म्हणतात. कूलच्या तळ्यालाही वरून बाहेर जाणारा ओढा नाही. मी विचारलं, "मग हे पाणी जातं कुठे?" तो म्हणाला, "किनव्हाराला, समुद्रात. खालून."

तिसरा दिवस, शनिवार

भाची गाडी घेऊन आली. किलटार्टनच्या चौफुलीवर थांबलो. १८९२ सालच्या लाल विटांच्या शाळेत आता ग्रेगरीबाईंचं संग्रहालय आहे. गावातली माणसंच ते सांभाळतात. एका खोलीत जुना वर्ग तसाच मांडून ठेवलाय, दौतीच्या भोकांचे बाक, पाटी, फळा. शिक्षिका म्हणून मी तिथे रमले असते, पण भाचीला बुरुजाची ओढ लागली होती.

थूर बॅलीली. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ब्लॅकबेरीच्या जाळ्या, मग एकदम ओढा, त्यावर पूल आणि पाण्याला चिकटून उभा चौकोनी करडा बुरूज. नॉर्मन सरदारांच्या काळातला, चार मजली, प्रत्येक मजल्यावर एकच खोली. येट्सने तो १९१७ साली ३५ पौंडांना घेतला. त्याच वर्षी त्याचं जॉर्ज हाइड-लीसशी लग्न झालं. १९२० च्या दशकातले उन्हाळे दोघांनी लेकरांसह इथे काढले. भिंतीवरच्या दगडात त्याच्या सहा ओळी कोरल्या आहेत. जुन्या गिरणीच्या फळ्या, समुद्री हिरव्या पाट्या आणि गॉर्टच्या भट्टीतलं लोहारकाम वापरून मी हा बुरूज माझ्या बायकोसाठी उभा केला, आणि सगळं पुन्हा पडझडीला जाईल तेव्हाही ही अक्षरं राहोत, असा त्यांचा आशय. गॉर्टचा लोहार कवितेत येऊन दगडावर चढला, हे मला फार भावलं.

गोल जिना दगडी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पाय आडवा ठेवूनच चढावं लागतं. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आरामात बसेल. मी बसलेच. खाली ओढ्याचं पाणी पुलाच्या कमानीवर आपटत होतं आणि त्याचा आवाज खोलीत घुमत होता. यादवी युद्धात, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, बंडखोरांनी याच खिडकीखालचा पूल उडवला. आधी दार वाजवून घरातल्यांना बाहेर पडू नका म्हणून बजावलं, आणि जाताना आभार मानून शुभरात्रीही म्हटलं, असं येट्सने लिहून ठेवलंय. त्याच दिवसांत त्याने भिंतीच्या भोकातलं साळुंकीच्या जातीच्या पाखराचं रिकामं घरटं पाहिलं आणि मधमाश्यांना विनवलं, या, इथे घर करा. बाहेर माणसं मारली जात होती, हा मधमाश्यांना बोलावत होता. त्या भिंतीत आजही भोकं आहेत. एकाच्या तोंडाशी दोन काड्या आणि पिसाचा तुकडा अडकलेला मी पाहिला.

गच्चीवर वारा होता. दूर कूलची झाडी दिसत होती. भाचीने विचारलं, "मावशी, मग तुझे स्वामी इथे आले होते का?"

"नाही गं. येट्सने १९२९ नंतर इथे राहणं सोडलं. स्वामींची भेट त्यानंतरची. उपनिषदांवर दोघांनी काम केलं ते स्पेनच्या माजोर्का बेटावर, १९३५-३६ च्या हिवाळ्यात."

"मग इथे कशाला आलीस?"

मी तिला खालचा ओढा दाखवला. येट्सने १९३१ साली लिहिलंय की माझ्या खिडकीखालून धावणारं पाणी पुढे जमिनीत उतरतं आणि कूलच्या रानात वर येऊन तळं होतं. आणि लगेच विचारतो, पाणी म्हणजे तरी काय, जन्म घेतलेला आत्माच ना? त्याच वर्षी स्वामी त्याला भेटले. उपनिषदं त्याच्यापर्यंत, तो विशीत असतानाच, डब्लिनला आलेल्या मोहिनी चॅटर्जी या बंगाली गृहस्थांच्या तोंडून पोचली होती. मग १९१२ मध्ये रवींद्रनाथ, आणि शेवटी आमचे बडनेऱ्याचे स्वामी. तो कुठे तयार होत होता, ते मला बघायचं होतं.

या ओढ्याची आणखी एक गोष्ट. अंध शाहीर रॅफ्टरी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, गावोगाव फिडल वाजवत फिरणारा. बॅलीलीच्या मेरी हाइन्सवर त्याने गाणं केलं आणि त्यात म्हटलं, बॅलीलीत एक भक्कम तळघर आहे. तळघर कुठलं, म्हणून येट्सने गावच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, नदी जमिनीत शिरते ते भोक. रॅफ्टरीने ती मुलगी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पण ते गाणं कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी टिकलं, ग्रेगरीबाईंनी ते ऐकून उतरवलं, आणि १९०० साली त्याच्या कबरीवर दगडही बसवून घेतला.

तळमजल्यावर चहा होता. स्वयंसेवक बाईंनी भिंतीवर पुराची खूण दाखवली. २००९ मध्ये आणि पुन्हा २०१५-१६ च्या हिवाळ्यात ओढा आत शिरला. माणसं हिरमुसली नाहीत, चिखल काढला, पुन्हा दार उघडलं. मी त्यांना बडनेऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी किटली खाली ठेवली, खुर्ची ओढून समोर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग अभिप्रायवही पुढे केली. "ते गावाचं नाव तुमच्या लिपीत लिहा." मी लिहिलं, बडनेरा, जिल्हा अमरावती. त्यांनी खाली इंग्रजीत उच्चार लिहून घेतला आणि तीनदा म्हणून पाहिला. तिसऱ्यांदा 'रा' अगदी बरोबर आला.

चौथा दिवस, रविवार

सकाळी किलमॅकडुआ, गॉर्टपासून पाचेक किलोमीटर. उघड्या माळावर कोलमन संताने सातव्या शतकात वसवलेला मठ. त्याला जमीन दिली ती ग्वारे राजाने. आता छप्पर नसलेली चर्चं, कबरी, आणि ३४ मीटर उंच गोल मनोरा. तो अर्ध्या मीटरहून जास्त कललेला आहे, लांबूनही कळतं. दार जमिनीपासून सातेक मीटर वर, शिडी आत ओढून घेता यावी म्हणून, असं म्हणतात. कोलमन बरेन या खडकाळ मुलखातल्या रानात उपास करत होता तेव्हा ग्वारेच्या ईस्टरच्या मेजवानीची ताटं उडत उडत त्याच्यापुढे गेली आणि राजा मागून घोडा फेकत आला, अशी कथा आहे. बरेनमध्ये 'ताटांची वाट' नावाची जागा दाखवतात. मनोऱ्याच्या सावलीत एक कुटुंब ताज्या कबरीवर फुलं ठेवत होतं, म्हणून आम्ही लवकर निघालो.

किनव्हाराच्या जवळच डूरस आहे. तिथल्या घरात १८९७ च्या उन्हाळ्यात पावसामुळे अडकलेल्या येट्स, ग्रेगरीबाई आणि एडवर्ड मार्टिन यांनी आयरिश नाटकमंडळी काढायचं ठरवलं. त्यातूनच १९०४ मध्ये अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. आम्ही गाडीतूनच पाहिलं.

किनव्हाराला पोचलो तेव्हा ओहोटी होती. खाडीच्या कडेला डनग्वारेचा किल्ला, सोळाव्या शतकातला, पण नाव त्याच दानशूर राजाचं. भाची वर फोटो काढत राहिली. मी किल्ल्याच्या खाली दगडांवर उतरले. पिवळसर समुद्री शेवाळाने सगळं निसरडं होतं, एकेक पाऊल चाचपत गेले. कूलच्या वनरक्षकाने सांगितलं होतं, ओहोटीला नीट बघा. एका मोठ्या दगडाच्या बुडातून पाणी उसळत होतं, लाटेसारखं येऊन-जाऊन नाही, सारखं. भोवतीच्या वाळूचे कण त्यात नाचत होते. मी ओंजळ भरली. बर्फासारखं गार. जिभेला लावलं, मीठ जेमतेम.

"मावशी, काय पितेस ते?" वरून भाची ओरडली.

"कूलचं तळं," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी बाटली भरून घेतली.